प्रवेश विनामूल्य, बाकी सगळ्याचे पैसे

नदीकाठी तीन दिवस गाणं-नाटक करायचं, प्रवेश सगळ्यांना फुकट, राबणारे सगळे हौशी, असं काही तुमच्या डोक्यात आलं असेल तर आधी अभिनंदन. घरी अजून बोलला नसाल तर इतक्यात बोलूही नका.

देणगीसाठी पत्र लिहाल, त्याची पहिली ओळ ठरलेली आहे : 'सांगली ही नाट्यपंढरी'. दुसरी ओळही ठरलेली. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथंच 'सीता स्वयंवर'चा खेळ केला, तोही सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव ऊर्फ आप्पासाहेब पटवर्धनांच्या आश्रयानं. पत्र वाचणारा इथवर मान डोलावतो. त्याची मान डोलत असतानाच पत्र संपवायचं. १८५१ मध्ये आप्पासाहेब गेले, दरबारचा आधार सुटला, भाव्यांना मंडळी घेऊन गावोगाव फिरावं लागलं आणि १८५३ मध्ये मुंबईत तिकीट लावून खेळ करावे लागले, ही पुढची गोष्ट चुकूनही काढायची नाही. मी एकदा उत्साहात काढली. समोरचा म्हणाला, "बघा, भाव्यांनीपण तिकीटच लावलं की!"

मार्केट यार्डात जायचं तर सौदे उरकल्यावर जा. मी गेलो तेव्हा शेठ गादीवर बसून हळकुंड मोडून आतला रंग बघत होते. एक मोडलं, बाजूला टाकलं, दुसरं उचललं. माझ्याकडेही त्याच नजरेनं बघितलं.

"फुकट म्हणजे? मग पैसे कोण देणार?"

"तेच मागायला आलोय."

"आणि गणपती कुठंय?"

गणपती नव्हता. वर्गणीच्या व्यवहारात गणपती, देवी किंवा जयंती यांपैकी काहीच नसेल तर पावतीपुस्तकाला वजन येत नाही. धर्मादाय कार्यालयातून वर्गणी गोळा करायची ४१ क ची परवानगी काढून, शिक्का मारून घेऊन गेलात तरी नाही. चहा मात्र आला. शेवटी शेठ म्हणाले, "बघू की." हे दोन शब्द नीट ऐकायला शिका. 'बघू' म्हणजे नाही. 'बघू की' म्हणजे नाही, पण तुमच्या वडिलांना ओळखतो. 'पुढच्या आठवड्यात फोन करा' म्हणजे नंबर सेव्ह करणार नाही.

जरा शिकलेला दाता असेल तर तो 'नाही' म्हणत नाही, "एटी-जी आहे का?" असं विचारतो, म्हणजे देणगीवर आयकरात सवलत मिळते का. नसेल तर विषय संपला. असेल तर तो खूश होतो आणि ड्रॉवर उघडून रोख रक्कम काढतो. दोन हजारांच्या वरच्या रोख देणगीला ती सवलत लागू नाही, चेक द्या, असं सांगितलं की ड्रॉवर हळूच बंद होतो. प्रामाणिकपणा करायचाच असेल तर पैसे हातात आल्यावर करा.

मग कोणीतरी उंटावरून सल्ला देईल की सीएसआर घ्या. घ्या की! २०१३ च्या कंपनी कायद्यात सोय आहे. पाचशे कोटींची नक्त मालमत्ता, हजार कोटींची उलाढाल किंवा पाच कोटींचा निव्वळ नफा, यांतलं एक जरी कंपनीकडे असलं तरी तिनं आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजासाठी खर्चायचे. कुपवाड एमआयडीसीत फिरा आणि पाच कोटी नफा असलेला मालक शोधा. त्यातून असलेला नफा सांगणारा मालक शोधा. सापडलाच तर त्याचा अकाउंटंट तुम्हाला २०१४ चं, २०२१ मध्ये मागे पडलेलं सरकारी परिपत्रक दाखवेल. मॅरेथॉनसारखे एकवेळचे कार्यक्रम, बक्षिसं, प्रायोजकत्व सीएसआरमध्ये धरता येत नाही, असं त्यात म्हटलं होतं. मी म्हटलं, आम्ही दरवर्षी करणार आहोत. "मग पुढच्या वर्षी या," तो म्हणाला. बुद्धिमान माणूस.

मिरजकरांकडे पैसे मागायला गेलात तर वेगळंच ऐकाल. तिथं मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसात भलेभले गायक खाँसाहेब अब्दुल करीम खाँच्या आठवणीत हजेरी लावतात, तर तुमच्या कलाकारांना मानधन कशाला? बरोबर आहे. अडचण एवढीच की मांडववाला हजेरी लावत नाही. साउंडवाला ॲडव्हान्स घेतल्याशिवाय स्पीकरची वायरही सोडत नाही.

तरी हिरमुसू नका, मला एक दाता मिळाला. पाच हजार एक. फक्त फ्लेक्स मोठा हवा, फोटो हसरा हवा आणि व्यासपीठावर सत्कार. हिशेब सांगतो. फ्लेक्स साडेतीन हजार. तो बांधायला बांबू, सुतळी आणि रिक्षा मिळून पाचशे. मानचिन्ह सहाशे, शाल तीनशे, नारळ चाळीस. शिल्लक एकसष्ट रुपये. त्यातल्या साठ रुपयांत सत्काराला आलेल्या त्यांच्या सहा माणसांना चहा पाजला आणि नाट्यपंढरीच्या कलासेवेसाठी एक रुपया निव्वळ उरला. सत्काराला उत्तर द्यायला ते उठले आणि पंचवीस मिनिटं बोलले. दहाला स्पीकर बंद करावा लागतो, म्हणून त्या रात्री नाटकाचा शेवटचा प्रवेश राहिला. प्रेक्षकांनी कुरकुर केली नाही. फुकट होतं ना.

बाकीचे पैसे कुठून आले, असं विचाराल. दानपेटीत नाणी होती, भडंगाचा एक रिकामा पुडा होता आणि एका शाळकरी पोराची चिठ्ठी होती, 'उद्या पण आहे का?' उरलेलं आम्ही सातजणांनी वाटून घेतलं. माझ्या वाट्याचे घरी अजून मोटरसायकल दुरुस्तीच्या खात्यात दाखवलेत.

दुरुस्ती काही झाली नाही. पण गाडी यंदा पावसात भिजली नाही. दहा बाय वीसचा फ्लेक्स दुमडून टाकला की हँडलपासून मागच्या चाकापर्यंत झाकली जाते. सीटवर बरोबर दात्याचा चेहरा येतो, अजून हसरा आहे.