इम्युनिटी कार्डवाल्यांना उत्तर

"कोविडमध्ये देशांनी उगाच सीमा बंद केल्या. ज्यांच्या रक्तात अँटीबॉडीज (आजाराशी लढताना शरीराने बनवलेली प्रतिद्रव्यं) आहेत त्यांना इम्युनिटी कार्ड देऊन मोकळं सोडायला हवं होतं. पुढच्या साथीत तरी हेच करा." असा चार मुद्द्यांचा मेसेज फिरतोय. मी दुर्लक्ष करणार होते, पण परदेशी शिकायला निघालेल्या भाच्याने तो पाठवून वर विचारलं, "मावशी, म्हणजे आजार लवकर होऊन गेलेलाच बरा ना?"

म्हणून शेवटचा मुद्दा आधी घेते: "धडधाकट तरुणांनी सुरुवातीलाच आजार ओढवून घ्यावा, कार्ड मिळवावं." हे लिहिणाऱ्याला जरा तरी लाज वाटायला हवी होती. कार्डावर नोकरी, शिक्षण, प्रवास अडला की माणसं आजार विकत घेतात, हे आधीच घडून गेलंय. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या न्यू ऑर्लीन्स शहरात यलो फीव्हरच्या (डासांमुळे पसरणाऱ्या पीतज्वराच्या) साथींवर साथी यायच्या. ज्याला तो अजून होऊन गेला नाही अशा नवख्या माणसाला नोकरी मिळायची मारामार, विमा उतरवणंही मुश्कील. मग काही जण मुद्दाम आजाराच्या वाटेला गेले. त्यातले कित्येक कार्ड दाखवायला उरलेच नाहीत. आणि धडधाकट तरुण आजारी पडतो तेव्हा तो आजार घरातल्या म्हाताऱ्यांनाही लागू शकतो, आणि तो त्यांना विचारून लागत नाही.

"यलो फीव्हरचं कार्ड आजही चालतं की!" चालतं, कारण ते प्रवासासाठीचं लशीचं कार्ड आहे. त्यावर लशीची तारीख, बॅच नंबर, सही आणि अधिकृत केंद्राचा शिक्का लागतो, आणि ते लस घेतल्यावर दहा दिवसांनी लागू होतं. ती लस इतकी टिकते की २०१६ पासून ते कार्ड आयुष्यभर चालतं. आजार होऊन गेला म्हणून ते कुणाला मिळत नाही.

"अँटीबॉडीज असल्या की पुन्हा होत नाही, पसरतही नाही." जागतिक आरोग्य संघटनेने २४ एप्रिल २०२० लाच सांगितलं होतं की याला पुरावा नाही, आणि असे दाखले दिले तर लोक बेफिकीर होऊन संसर्ग वाढू शकतो. चारच महिन्यांत हाँगकाँगचा ३३ वर्षांचा माणूस स्पेनहून परतताना विमानतळावरच्या तपासणीत पुन्हा पॉझिटिव्ह निघाला. पहिल्या संसर्गाला पाच महिनेही झाले नव्हते. विषाणूची जनुकीय रचना वेगळी होती, म्हणजे जुनाच संसर्ग रेंगाळलेला नव्हता. लक्षण एकही नाही. मेसेजवाल्यांच्या हिशोबाने हाच माणूस तपासणीविना बाहेर पडला असता.

"अँटीबॉडी टेस्ट ९५ टक्के अचूक असते." धरू तसं. हजार लोकांत पन्नास जणांना आजार होऊन गेलाय. त्यातले सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस सापडतील. उरलेल्या साडेनऊशेतले पाच टक्के, म्हणजे तेवढेच लोक, चुकून पॉझिटिव्ह ठरतील. जवळजवळ निम्मी कार्डं खोटी!

एक गोष्ट नाइलाजाने मान्य करते. आजार होऊन गेल्यावर काही काळ संरक्षण मिळतं. युरोपीय संघाने जुलै २०२१ पासून तसा दाखला प्रवासासाठी धरलाही. पण पॉझिटिव्ह चाचणीनंतर अकराव्या दिवसापासून, आणि फार तर १८० दिवसांपर्यंत. अँटीबॉडी टेस्टचा रिपोर्ट त्यासाठी चालत नव्हता.