कॅल्क्युलेटर, एआय आणि ‘फक्त सही’: एका फॉरवर्डला उत्तर

कोल्हापुरातल्या इंजिनिअरिंगच्या पोरांच्या आणि त्यांच्या पालकांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचा सारांश असा: कॅल्क्युलेटर आला तेव्हाही मास्तर लोक बोंबललेच होते, पोरं आधीही कॉपीच करत होती, मराठी माध्यमातल्यांना तर एआय वरदान आहे, कंपन्यांनाही तेच हवंय, आणि डिझाइन एआय करणार, इंजिनिअरनं तपासून फक्त सही करायची, मग नैतिकतेचा प्रश्न येतोच कुठं? खाली ‘नाद खुळा’ आणि अंगठे. यातलं बरंचसं अर्धं खरं आहे, म्हणूनच उत्तर द्यावंसं वाटलं.

कॅल्क्युलेटरपासून सुरू करू. त्याला तेच आकडे कितीही वेळा द्या, उत्तर तेच येतं आणि ते कुठल्या नियमानं आलं हे दाखवता येतं. चॅटबॉट मात्र पुढे कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त, यावरून मजकूर रचत जातो. बरोबर असो की चूक, सूर तितकाच ठाम. आता हे बघा. आपल्या आयएस ४५६ मध्ये, म्हणजे काँक्रीटच्या भारतीय कोडमध्ये, एम२५ काँक्रीट म्हणजे १५० मिलिमीटरच्या क्यूबची (चौकोनी ठोकळ्याची) २८ दिवसांनंतरची ताकद २५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. अमेरिकन कोडची सूत्रं सिलिंडरच्या (गोल नमुन्याच्या) ताकदीवर बेतलेली, आणि त्याच काँक्रीटचा सिलिंडर साधारण २० च दाखवतो. चॅटबॉटनं सूत्र तिकडचं आणि आकडा इकडचा उचलला, तर गणित सुबक दिसेल. ताकद मात्र २५ टक्के जास्त धरलेली असेल. ज्यानं क्यूब कधी लॅबमधल्या दाबयंत्रात फोडलेला नाही, त्याला हे कागदावर दिसणार कसं?

आणि दरवेळी तेच उत्तर देणारं सॉफ्टवेअर तरी कुठं डोळे झाकून वापरता येतं! १९९१ च्या ऑगस्टमध्ये नॉर्वेत स्लाइपनर-ए या तेल-वायू प्लॅटफॉर्मचा काँक्रीटचा पाया चाचणी चालू असतानाच समुद्रात बुडाला. सॉफ्टवेअर नावाजलेलं होतं. पण मोक्याच्या जागी मेश (गणितासाठी रचनेचे पाडलेले बारीक तुकडे) नीट घेतला नव्हता, त्यामुळे शिअर (भिंतीला कातरू पाहणारा ताण) ४७ टक्क्यांनी कमी निघाला आणि भिंतीत स्टीलही कमी पडलं. नंतर काळजीपूर्वक केलेल्या विश्लेषणात भिंत ६२ मीटर खोलीवर फुटेल असं आलं. प्रत्यक्षात ती ६५ मीटरला फुटली. म्हणजे चूक सापडण्यासारखी होती. एखाद्यानं हातानं ढोबळ गणित करून आकडा ताडून बघायला हवा होता. तो ‘एखादा’ कॉलेजातच तयार होतो, रात्री जागून, चुकत-माकत.

कॉपीचा मुद्दा. होय, सबमिशनच्या आदल्या रात्री काचेखाली बल्ब लावून शीटला जीटी मारणाऱ्या (ग्लास ट्रेसिंग, म्हणजे दुसऱ्याची शीट काचेवर गिरवणाऱ्या) पिढ्या आपल्याकडं होऊन गेल्या. पण ती मूळ शीट वर्गातल्या कुणीतरी समजून काढलेली असायची. आता समजून केलेलं मूळच कुणाकडे नाही, अशी अख्खी बॅच निघू शकते. शिवाय जीटी मारणं बरोबर आहे असं तेव्हा कुणी म्हणत नव्हतं.

मराठी माध्यमाचा मुद्दा मात्र मला मान्य आहे. गारगोटी-गगनबावड्याकडून आलेल्या पोराला थर्मोडायनॅमिक्सचं इंग्रजी पुस्तक अंगावर येतं. रात्री अकरा वाजता तो एन्ट्रॉपी म्हणजे काय हे न लाजता मराठीत दहादा विचारू शकत असेल, तर त्याला नावं ठेवणाऱ्यांनी आधी आपली लेक्चरं आठवावीत. तिथं वापरा आणि वापरलं म्हणून उघड सांगा. समजून घेण्यासाठी विचारणं वेगळं आणि विचारलेलं तसंच उतरवून खाली स्वतःचं नाव घालणं वेगळं.

‘फक्त सही’वर जास्त बोलायची गरज नाही, १९८१ चं कॅन्सस सिटीतलं हयात हॉटेल पुरे. लॉबीवर टांगलेल्या वरच्या-खालच्या पादचारी पुलांना धरणारा सलग रॉड फॅब्रिकेशनच्या टप्प्यावर दोन तुकड्यांत बदलला गेला, वरच्या जोडावर दुप्पट भार आला, पूल कोसळले आणि ११४ माणसं गेली. बदललेल्या ड्रॉइंगवर कन्सल्टंटचा शिक्का होता. जोडाचा तपशील आम्ही काढला नव्हता, हा बचाव टिकला नाही. दोन इंजिनिअरांचे परवाने गेले. ड्रॉइंग माणसानं काढलं की यंत्रानं, महापालिकेत स्टॅबिलिटी सर्टिफिकेट देणाऱ्याचं नाव बदलत नाही.

राहिल्या कंपन्या. त्यांना एआय हवंय, खरंच. पण शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतल्या एखाद्या फाउंड्रीमालकाला (धातूचं ओतकाम करणाऱ्या कारखानदाराला) विचारा, कस्टमरचं कास्टिंगचं ड्रॉइंग ट्रेनीनं फुकटच्या चॅटबॉटवर चढवलं तर चालेल का. ते ड्रॉइंग फाउंड्रीचं नसतंच, कस्टमरचं असतं, आणि गुप्ततेच्या करारावर सह्या झालेल्या असतात. कर्मचाऱ्यांनी अंतर्गत कोड चॅटजीपीटीत टाकल्यावर २०२३ मध्ये सॅमसंगलासुद्धा अशा साधनांवर बंदी घालावी लागली होती. प्रॉम्प्ट (एआयला द्यायची सूचना) लिहायला शिकवणारे वर्ग राजारामपुरीत जरूर काढा. पहिल्या तासाला कुठली फाइल चढवायची नाही ते शिकवा.