अर्धं राहिलंय

परवापासून जेवायला बसलो की मी आधी मागं वळून बघतो. खुर्चीच्या पाठीवर कुणाचा हात नाही ना, याची खात्री झाली की मगच पहिला घास.

सांगलीहून महाबळेश्वरला निघालो होतो. आई म्हणाली, पहाटे उठून दशम्या करते. मी नको म्हटलं. कारण पाचगणीहून महाबळेश्वरला जाताना ज्या बागा लागतात, त्यांतल्या एका ठिकाणी असं सँडविच मिळतं म्हणे, की माणसं पुण्या-मुंबईहून तेवढ्यासाठी घाट चढतात. "प्रवासातसुद्धा घरचंच खायचं, तर घरातच बसू की!" हे माझं वाक्य. अण्णा काही बोलले नाहीत. अण्णा काही बोलत नाहीत तेव्हा ते वाक्य जपून ठेवत असतात.

पेठनाक्याला हायवेला लागलो. शेंद्रे ते कागल हा रस्ता सहापदरी होतोय. होतोय म्हणजे होतोच आहे. गाडी कधी सर्व्हिस रोडला उतरवायची, कधी पुलाखालनं घालायची, कधी समोर डंपर उभा म्हणून त्याचा नंबर पाठ होईपर्यंत थांबायचं. टोलनाका मात्र जिथल्या तिथं. त्याला डायव्हर्शन नाही. पुढं पसरणी घाटात चिनूनं सकाळचे पोहे परत केले. त्यामुळं आम्ही बागेत पोचलो तेव्हा आई आणि बायको तिला लिंबू चोखायला देत गाडीतच बसल्या, आणि सँडविचच्या मोहिमेवर मी आणि अण्णा असे दोघंच उरलो.

पाऊण तास रांग. मग नंबर पुकारला. टोपलीत वेफर्सचा ढीग आणि त्यावर टेकवलेलं ते सँडविच, उशीएवढं. बिल मी चार घड्या घालून खिशात सारलं, कारण अण्णांना किंमत कळली असती तर ते तिथंच 'एवढ्यात शेंगदाणं किती आलं असतं' हा हिशेब मांडून बसले असते. नशिबानं कोपऱ्यात एक टेबल मिळालं. मी सँडविचला हात घालणार, इतक्यात माझ्या टोपलीला खेटून एक पिवळा रुमाल पडला.

एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणं मला ठाऊक आहे, मीही धरलीय. पण तिथं सीट निदान रिकामी तरी असते. भरल्या टेबलावर रुमाल टाकणारा माणूस मी पहिल्यांदाच बघितला. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, खांद्याला भली मोठी पिशवी.

"उठताय न्हवं?"

"आत्ताच बसलोय हो. अजून तोडलंसुद्धा नाही."

"खावा, खावा. सावकाश खावा. मी हाय हितंच."

आणि ते खरोखरच तिथंच राहिले. एक हात माझ्या खुर्चीच्या पाठीवर, दुसऱ्या हातात फोन. "हां, आन सगळ्यास्नी. टेबल घावलंय. न्हाई, एक सायेब बसल्यात. अर्धं राहिलंय त्यांचं."

अर्धं नव्हतं. पाऊण होतं. पण ते ऐकून माझा घास मोठा झाला, हे कबूल करतो.

"आतनं काय घातलंय?"

"चीज. ढबू मिरची, कांदा, मक्याचे दाणे."

"म्हंजे भाजीच की!" त्यांनी वाकून बघितलं. "आनि ह्ये वेफर कशाला आदी खाताय? वेफर वाटंनं खाता येतंय. खिशात घाला."

सँडविच हे नाव इंग्लंडच्या ज्या उमरावावरून पडलं, तो अठराव्या शतकातला सँडविचचा चौथा अर्ल. त्याची गोष्ट अशी सांगतात, की पत्त्यांच्या डावावरून उठायला नको म्हणून त्यानं पावाच्या दोन कापांत मांस मागवलं. म्हणजे हा पदार्थ जन्मालाच आला तो टेबलावरून उठायला लागू नये म्हणून. पण अर्लच्या खुर्चीमागं कुणी पिशवी घेऊन उभं नव्हतं. असतं, तर त्यानं पत्ते टाकून डाळ-भात गिळला असता.

माझा तर ब्रेडशी संबंध मिसळीपुरता. आमच्याकडं स्लाइसनं कटात बुडावं आणि गप्प राहावं. हा ब्रेड मात्र भाजून कडक, आणि आत चीज. चावलं की तार. मी मान मागं घेतली, तार लांबली, अजून मागं घेतली, अजून लांबली, आणि डोकं त्यांच्या पोटाला टेकलं.

फोनवर बातमी गेली. "जरा थांबा. तार लागलीया. येळ लागंल."

चव कशी होती, असं घरी सगळे विचारतायत. मला सांगता येत नाही. गरम होतं एवढं नक्की, कारण टाळू अजून सोललेली आहे.

विनोद राहू द्या, पण मला खरंच राग आलाय. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला 2010 साली भौगोलिक मानांकन मिळालं, चांगलंच झालं. पण आता या रस्त्यावर फोटोला माणसाएवढी स्ट्रॉबेरी, छत्रीवर स्ट्रॉबेरी, कचऱ्याच्या डब्यावरही स्ट्रॉबेरी. आणि माणसानं बसून चार घास खावेत म्हणून खुर्च्या मात्र मोजून. दोनशे किलोमीटर गाडी हाकून, पैसे मोजून माणूस जर कुणाच्या तरी देखरेखीखालीच जेवणार असेल, तर त्यापेक्षा लग्नातली पंगत काय वाईट? तिथंही मागं माणूस उभा असतो, पण पाकीट दिलं की मठ्ठा तरी मिळतो.

मी अण्णांकडं बघितलं. त्यांनी या गृहस्थांना दोन शब्द सुनवावेत, एवढीच अपेक्षा. अण्णांनी घसा साफ केला.

"गाव कुठलं?"

"पलूस."

"पलूस? आमची आत्या दिलीय पलूसला!"

संपलं. पुढच्या दोन मिनिटांत आत्याचं घर, तिच्या घरामागचा ऊस, त्या उसाचा बांध आणि बांधावरचं भांडण निघालं. त्या भांडणात यांचे चुलते पंच होते. मी उरलेलं सँडविच दोन घासांत कोंबून उठलो. मी उठलो. अण्णा उठले नाहीत.

नऊ माणसं आली. मी म्हटलं, आता नऊ सँडविचं येणार, बघू कुणाला कशी तार लागते. पण त्या गृहस्थांनी पिशवी उघडली. दशम्या. शेंगदाण्याची चटणी. खर्डा. मग रिकामी पिशवी त्यांनी खांबावरच्या 'बाहेरील खाद्यपदार्थ आणू नयेत' या पाटीला अडकवली. तिथं तेवढाच एक खिळा होता.

"घ्या की अण्णा, लाजताय काय!"

अण्णांनी दशमी दुमडली, खर्डा लावला, एक घास खाल्ला आणि माझ्याकडं न बघता, पण मला नीट ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "प्रवासात घरचं ते घरचं."

मला बसायला जागा नव्हती. मी अण्णांच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिलो. गाडीतून बायकोचे दोन फोन येऊन गेले. तेवढ्यात हातात टोपली घेऊन एक बाई आल्या आणि मला विचारू लागल्या, "दादा, तुम्ही या टेबलाला नंबरला आहात का? हे उठतील का आता?"

मी वाकून बघितलं.

"अर्धी दशमी राहिलीय," मी म्हटलं. "पण आत्या काही संपणार नाही."