‘पक्षी झाडाची जात विचारत नाहीत’ या वाक्याविषयी

देशी झाडे व झुडुपे लावण्याविषयीच्या माझ्या लेखावर आपण वेळ काढून सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल मी आपला आभारी आहे. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी तिचा आशय असा : देशी वृक्षांचा आग्रह हा “निव्वळ सोवळेपणा” आहे, “पक्षी झाडाची जात विचारत नाहीत”, कारण गुलमोहरावर शिंजीर हा मध पिणारा चिमुकला पक्षी येतो आणि निलगिरीवर मधमाश्या येतात, मी दिलेल्या यादीतील चिंच मुळात देशी नाही, रोपे जगण्याचे प्रमाण, पाण्याची गरज आणि बदलते हवामान यांविषयी मी मौन पाळले आहे, आणि “टेबलाशी बसून झाडांवर लिहिणे सोपे असते”.

चिंचेबद्दल आपले म्हणणे बरोबर आहे. ती मूळची उष्ण कटिबंधीय आफ्रिकेतील आहे; शतकानुशतके आपल्याकडे रुजली असली तरी देशी वृक्षांच्या यादीत मी तिला स्थान द्यायला नको होते. मात्र त्या एका नोंदीवरून आपण उंबर, पळस, पांगारा, ऐन, करवंद, निरगुडी आणि धायटी यांच्यासह संपूर्ण यादी “अविश्वसनीय” ठरवलीत, हे मला रास्त वाटत नाही.

आता ‘सोवळेपणा’ या शब्दाविषयी. हा शब्द माणसांनी माणसांना दूर ठेवण्याच्या इतिहासातून आला आहे, आणि तो वनस्पतीच्या मूलस्थानाच्या चर्चेत वापरताना आपण क्षणभर थांबायला हवे होते. एखादे झाड परक्या भूमीतून आले म्हणून हीन आहे, असे मी कोठेही लिहिलेले नाही. मादागास्करमध्ये गुलमोहर देशीच आहे आणि ऑस्ट्रेलियातील निलगिरीवर तेथील कोआला जगतो. झाड आणि त्याच्यावर जगणारे जीव यांची दीर्घकाळ जुळलेली सांगड तुटते काय, एवढाच माझा प्रश्न होता. तो आपण वाचला नाहीत, किंवा वाचूनही बाजूला ठेवलात.

‘पक्षी झाडाची जात विचारत नाहीत’ हे वाक्य ऐकायला चांगले आहे, परंतु ते फक्त फुलाकडे पाहून लिहिलेले आहे. मध ही बहुतेक कोणालाही पचणारी गोष्ट आहे. ती देण्यातच झाडाचा लाभ असतो, म्हणून निलगिरीवर मधमाश्या येणारच, आणि ते मी नाकारत नाही. पानाची गोष्ट अगदी वेगळी आहे. पान खाल्ले जाऊ नये म्हणून झाड त्यात विषारी किंवा पचनाला अडथळा आणणारी द्रव्ये साठवते, आणि एखाद्या कीटकाला ती पचवण्याची क्षमता अनेक पिढ्यांनंतरच लाभते. रुईचा चीक बहुतेक प्राण्यांना घातक असतो, परंतु प्लेन टायगर फुलपाखराची अळी तीच पाने खाऊन वाढते आणि ते विष स्वतःच्या संरक्षणासाठी अंगात साठवते. टसर रेशमाचा किडा ऐन आणि अर्जुन यांच्या पानांवर पोसला जातो. उंबराच्या फळातील परागीभवन एका विशिष्ट चिमुकल्या गांधीलमाशीवाचून होत नाही. अशी नाती दहा-वीस वर्षांत नव्याने जुळत नाहीत.

आणि ज्या शिंजिराचा दाखला आपण दिलात, तो शिंजीर आपल्या पिलांना केवळ मधावर वाढवत नाही. तो त्यांना कोळी आणि कीटक भरवतो. धान्य खाणारी चिमणी आणि सुगरणही पिलांसाठी अळ्या-किडेच गोळा करतात. ज्या झाडाच्या पानावर अळी नाही, त्या झाडाच्या फुलावर पक्षी चार घटका येईल, पण त्याच्या आधारावर वीण वाढवू शकणार नाही. ब्रिटनमध्ये कीटकशास्त्रज्ञ साउथवुड यांनी १९६१ मध्ये केलेल्या मोजणीत तेथील ओकवर २८४ जातींचे कीटक नोंदवले गेले, तर बाहेरून आणलेल्या सिकॅमोर या झाडावर १५. अमेरिकेत वॉशिंग्टन परिसरातील घरांच्या बागांमध्ये चिकडी या छोट्या पक्ष्याचा अभ्यास झाला आणि तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. बागेतील देशी वनस्पतींचा वाटा ७० टक्क्यांच्या खाली गेला की तेथे त्या पक्ष्याची संख्या स्वबळावर टिकत नाही, असे त्यात आढळले. पक्ष्याने फळ खाल्ले म्हणजे झाड उपकारक ठरले, असे मानायचे असेल तर घाणेरी (लँटाना) या परदेशी झुडपालाही उपकारक म्हणावे लागेल. तिची फळे पक्षी आवडीने खातात आणि त्याच मार्गाने तिने जंगलांचा तळ व्यापून टाकला आहे.

टेबलाविषयी आपण जे लिहिलेत, त्याचे मला वाईट वाटले, हे मी लपवत नाही. १७ वर्षांपूर्वी एका उताराच्या पडीक जमिनीवर मी स्वतःच्या हाताने खड्डे घेतले आणि एका संस्थेच्या सल्ल्यावरून सुबाभूळ आणि ऑस्ट्रेलियन बाभूळ लावली. तीन वर्षांत उतार हिरवागार झाला आणि मला धन्यता वाटली. पाचव्या वर्षी लक्षात आले की त्या हिरवळीत घरटी नाहीत, कुरतडलेले पान क्वचित दिसते, आणि सुबाभळीच्या शेंगांतून पडलेल्या बियांची रोपे इतकी दाट उगवली आहेत की दुसरे काही वर येत नाही. सुबाभूळ तोडली की बुंध्यातून पुन्हा फुटते. ती मुळासकट काढण्यात माझी चार वर्षे गेली. त्यानंतर मी कडेला आपोआप आलेली करवंदाची आणि निरगुडीची जाळी जपली आणि मधल्या जागेत उंबर, ऐन, पांगारा लावले. करवंदाच्या काट्यांत गुरांचे तोंड शिरत नाही, आणि फळे खायला आलेले बुलबुल इतर बिया तेथेच टाकून जातात. मी कधीही न लावलेली बोराची, जांभळाची आणि चंदनाची रोपे आज त्या जाळ्यांत उभी आहेत. चंदनाला शेजारच्या मुळांतून पोषण घ्यावे लागते, म्हणून मोकळ्यावर लावलेले माझे चंदन मेले आणि जाळीतले जगले. उताराचे पावसाचे पाणी पूर्वी लाल गढूळ वाहत असे; पाचोळ्याचा थर साचू लागल्यापासून ते निवळ येते. हे टेबलाशी बसून कळण्यासारखे नाही.

जगण्याचे प्रमाण, पाणी आणि हवामान हे प्रश्न मोठे आहेत, परंतु ते परदेशी झाडांनाही तितकेच लागू आहेत, त्यामुळे या वादात ते आणून काय साधले हे मला समजले नाही. गवताळ माळांवर कोणतीच झाडे लावू नयेत, कारण तणमोर हा माळावरचा पक्षी आणि काळवीट यांना मोकळे गवतच हवे असते, हे माझ्या मूळ लेखाच्या दुसऱ्याच परिच्छेदात आहे. तेवढे वाचून मग आपण लिहिले असते तर बरे झाले असते.

चिंचेची नोंद मी आज काढून टाकली आहे आणि दुरुस्ती का केली, हे तेथे आपल्या उल्लेखासह नमूद केले आहे. तिच्या जागी मुरुडशेंग हे देशी झुडूप घातले आहे.