बंडखोर कोणाला म्हणायचं?

निवडणूक लागली की आमच्याकडं पेपरात रोज एकच शब्द, बंडखोर. पक्षाच्या उमेदवारीचा एबी फॉर्म दुसऱ्याला गेला की गडी अपक्ष अर्ज भरतो अन् लगेच बंडखोर होतो, मग माघारीच्या दिवशी कुणीतरी बंगल्यावर बोलवून घेतं, महामंडळाचा नाहीतर झेडपीचा शब्द देतं आणि तीन वाजायच्या आत बंडोबाचा थंडोबा. मला ह्याचा खरंच राग येतो. नाराज म्हणा, इच्छुक म्हणा, बंडखोर कशाला? तिकीट मिळालं असतं तर हाच माणूस तोच झेंडा घेऊन फिरला असता ना.

आणि हे मराठवाड्यात चालतंय ह्याचं जास्त वाईट वाटतं. 1938 ला निजामाच्या राज्यात पोरांनी वंदे मातरम म्हणलं, औरंगाबादपासून हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठापर्यंत, कॉलेजातून नावं काढली तरी ऐकलं नाही, कित्येक जण नागपूरला जाऊन शिकले. 1948 च्या जानेवारीत उमरीची बँक लुटली ती सशस्त्र लढ्याला पैसा पाहिजे म्हणून, स्वतःचं घर भरायला नाही. निजाम सरकारच्या लेखी हे सगळे बंडखोरच, सप्टेंबरात संस्थान पडलं अन् तीच माणसं स्वातंत्र्यसैनिक झाली. माणसं तीच होती, राज्य बदललं.

मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायच्या लढ्याचं, नामांतराचं, तर आपल्या आईबापांनी डोळ्यानं बघितलंय. 27 जुलै 1978 ला ठराव झाला अन् गावोगाव दलित वस्त्या जाळल्या, पोचिराम कांबळेंना जिवे मारलं, तरी मागणी सोडली नाही लोकांनी, 14 जानेवारी 1994 उजाडावा लागला नामविस्ताराला. ह्यांच्यासाठी हा शब्द राखून ठेवावा असं मला मनापासून वाटतं.

आणि माझ्या मावशीसाठी पण. केज तालुक्यातलं गाव, काका गेले तेव्हा बायका बांगड्या फोडायला आल्या, हिनं हात पदराखाली घेतले, म्हणली ह्या मी माझ्या कापसाच्या पैशातून भरल्यात, फोडायच्या नाहीत. दुसऱ्या दिवशी टिकली लावून रानात. दोन-तीन वर्षं हळदीकुंकवाला कुणी बोलवलं नाही, सख्ख्या जावेनं सुद्धा नाही. मग हिनंच संक्रांतीला गावातल्या विधवा बायकांना घरी बोलवून वाण दिलं, स्टीलच्या वाट्या. गावात तिला "लई बंडखोर बाई" म्हणतात, शिवी दिल्यासारखं. मला ते ऐकून अभिमान वाटतो.

तुमच्या गावात अशी कोणी असंल तर खाली लिहा, नाव नका टाकू, तिनं काय केलं तेवढं सांगा.