गाडी खाली कोण आणणार?

हँग ग्लायडिंगला, म्हणजे बिनइंजिनाच्या पंखाखाली लटकून डोंगरावरून उडायला, निघालेल्या टोळीत एक तरी न उडणारा माणूस लागतो. उडणारे सगळे डोंगरावरून खाली जातात आणि गाडी वरच राहते, एवढं साधं कारण. आमच्या टोळीत तो माणूस मी. ‘चल रे, मजा येईल,’ असा आग्रह होतो तेव्हा मजा नेमकी कुणाला येणार, हे कुणी बोलत नाही.

त्या दिवशीही उजाडायच्या आत निघालो. वर पोचल्यावर टपावरचे लांबलचक गुंडाळे उतरवायचे. एकेक ग्लायडर तीसेक किलोचा. ‘जरा हात लाव’ याचा अर्थ ‘जड बाजू तुझी’. मग जुळणी. अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या, ताणायच्या तारा आणि पंखाच्या कापडात एकेक करून सरकवायच्या बॅटन नावाच्या पट्ट्या. पंख दहा मीटर पसरला, सगळे खूश झाले आणि वारा पडला.

खरा खेळ इथून सुरू होतो, आणि तो बसून खेळायचा असतो. वारा हवा समोरून, बेताचा. कमी असला तर ‘मेलाय’, जास्त असला तर ‘पिसाळलाय’, तिरका असला तर ‘क्रॉस आहे’. आमचा डॉक्टर दर पाच मिनिटांनी चिमूटभर सुकं गवत हवेत सोडतो आणि ते पायाशीच पडलेलं बघून गंभीर होतो. बँकवाला विंडसॉककडे, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या कापडी नळीकडे, टक लावतो. इंजिनिअर ‘अजून दहा मिनिटं’ म्हणतो. हेल्मेट घालून, पंखाला लटकायच्या पट्ट्यांचं, म्हणजे हार्नेसचं, बोचकं पाठीशी लोंबकळत ठेवून उन्हात उभे असलेले हे तिघं, शाळा सुटल्यावर कुणी न्यायलाच न आलेल्या मुलांसारखे दिसतात.

अशा वेळी मला ओटो लिलिएंथाल फार जवळचा वाटतो. या जर्मन इंजिनिअरने ग्लायडरवरून दोनेक हजार उड्डाणं केली आणि 1894 मध्ये बर्लिनजवळ खास उडण्यासाठी पंधरा मीटरची टेकडीच रचून घेतली. उडायचं, उतरायचं, पुन्हा चालत वर. गाडी नाही, ड्रायव्हर नाही! (1896 मध्ये उड्डाणातच तो कोसळला आणि दुसऱ्या दिवशी गेला. हा भाग टेकऑफवर मला काढू देत नाहीत.)

दुपारी वारा सरळ झाला आणि मला एकदम भाव आला. नाक धरायला मी लागतो ना! म्हणजे ग्लायडरच्या नाकाकडच्या तारा. पायलट पंखाखाली हार्नेसमध्ये आडवा लटकतो आणि मी बघतो : कॅराबिनर, म्हणजे हार्नेस पंखाला जोडणारी कडी, अडकवलाय, स्क्रू फिरवलाय, पट्टा पिळलेला नाही. यात थट्टा नाही. स्वतःला अडकवायचंच विसरून धावत सुटलेले पायलट या खेळाने पाहिलेत. त्या मिनिटाला डॉक्टर मला ‘अहो’ म्हणायच्या बेतात असतो.

‘सोड!’

तारा सोडून मी बाजूला झालो. तीन-चार पावलं जमिनीवर, दोन हवेतच, आणि गडी गेला. पोटात गोळा माझ्या येतो, दर वेळी.

डॉक्टर पाच मिनिटांत खाली टेकला. बँकवाल्याला थर्मल, म्हणजे वर चढणारी गरम हवा, मिळाली. घारींच्या बरोबरीने तो गोल गोल वर चढत गेला. वॉकीटॉकीवर त्याच्या व्हॅरिओची, म्हणजे आपण वर चढतोय हे आवाजाने सांगणाऱ्या यंत्राची, पिकपिक आणि ‘काय लिफ्ट आहे राव!’ हे मी पहिल्या गिअरमध्ये वळणं उतरताना ऐकत होतो. इंजिनिअर बेपत्ता. 2012 मध्ये टेक्सासमधून निघालेल्या एकाने एकाच उड्डाणात 764 किलोमीटर कापले, हा आकडा ही मंडळी भक्तिभावाने सांगतात. मला मात्र त्याला आणायला गेलेल्या माणसाचा चेहरा दिसतो.

‘कुठे उतरलास?’

‘शेतात. झाड आहे बघ एक.’

‘कसलं झाड?’

‘मोठं.’

इंजिनिअर सापडला तेव्हा अंधार पडत आला होता. ग्लायडर टपावर चढवून, दोऱ्या आवळून मी गाडीत बसलो. बँकवाला मागे पाय पसरून म्हणाला, ‘या खेळाचं एक बरं आहे. कुणावर अवलंबून राहावं लागत नाही.’

‘दार नीट लाव,’ मी म्हटलं.