‘पंचगिरीत शिकायचं काय?’ म्हणणाऱ्यांना

माझी भाची क्रिकेट पंचाच्या परीक्षेचा अभ्यास करतेय. दाजींनी तिला व्हॉट्सॲपवर एक मेसेज ढकलला आणि खाली लिहिलं, ‘हे वाच, मग ठरव.’ तो सगळ्याच ग्रुपांवर फिरतोय. त्यात म्हटलंय: चुकणारा पंच विकला गेलेला असतो, मोठं क्रिकेट खेळलेलाच पंच होऊ शकतो, नजर तेज असली की पुरे, शिकायचं काही नसतं, आणि डीआरएस (कॅमेऱ्यांच्या मदतीने पंचाचा निर्णय तपासायची पद्धत) आल्यावर पंच हवेतच कशाला?

यातला पहिला दावा नुसता खोटा नाही, घातक आहे. 2025 मध्ये अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीत निकाल पटला नाही म्हणून पंचाला लाथ मारली गेली. ‘पंच विकला गेला’ हे सतत कानावर पडत राहिलं की पाय असा उचलला जातो.

इंग्लंडमध्ये ॲलन नेव्हिल आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. 40 फुटबॉल पंचांना एकाच सामन्यातले 47 प्रसंग दाखवले. काहींना प्रेक्षकांच्या गोंगाटासह, बाकीच्यांना आवाज बंद करून. गोंगाट ऐकणाऱ्यांनी यजमान संघाविरुद्ध साधारण 15 टक्के कमी फाऊल दिले. दृश्य तेच, नियम तेच, पैशाचा संबंधच नाही. गर्दीचा आवाज माणसाच्या नकळत निर्णय ओढतो. त्याच अभ्यासात असंही दिसलं की पंचाचा अनुभव वाढतो तसे यजमानांविरुद्धचे फाऊलही वाढत जातात, साधारण 16 वर्षांपर्यंत. म्हणजे गर्दीसमोर टिकणं ही हळूहळू कमावण्याची गोष्ट आहे. हे शिकणं नाही तर काय आहे?

आता मोठ्या खेळाडूंचं. खेळलेल्याला खेळ कळतो हे मान्य. वेंकटराघवन भारताचे कर्णधार होते आणि उत्तम पंचही झाले. पण सायमन टॉफेल एकही प्रथम श्रेणी सामना खेळले नाहीत, तरी 2004 ते 2008 सलग पाच वर्षं आयसीसीचे सर्वोत्तम पंच ठरले. उलट 2019 च्या विश्वचषक अंतिम सामन्यात ओव्हरथ्रोवर (म्हणजे क्षेत्ररक्षकाने फेकलेला चेंडू भलतीकडे निसटल्यावर) पाचऐवजी सहा धावा दिल्या गेल्या, तेव्हा निर्णय देणारे कुमार धर्मसेना स्वतः 1996 च्या विश्वविजेत्या श्रीलंका संघातले. चूक त्यांनी नंतर कबूलही केली. फलंदाजांनी थ्रोच्या क्षणी एकमेकांना ओलांडलं होतं का, हे त्या गडबडीत बघायचं राहिलं. तेव्हाही ‘विकले गेले’ म्हणायचं का?

आणि ‘नजर तेज असली की पुरे’? पायचीतचं अपील घ्या. क्लबच्या सामन्यात पंच आधी गोलंदाजाचा पुढचा पाय बघतो, मग नजर उचलून समोरच्या टोकाला नेतो. वेगवान चेंडू तिथे जेमतेम अर्ध्या सेकंदात पोहोचतो. मग ठरलेल्या क्रमाने प्रश्न: नो-बॉल होता? टप्पा लेग स्टंपबाहेर पडला? आधी बॅट लागली की पॅड? पॅडला लागला तो ऑफ स्टंपच्या बाहेर का, आणि तसं असेल तर फलंदाजाने फटका खेळायचा प्रयत्न केला होता का? चेंडू स्टंपवर जात होता का? हा क्रम अंगात मुरेपर्यंत चांगले पंच नेट्समध्ये स्टंपमागे उभे राहतात, कोणी अपील करत नसताना मनातल्या मनात निर्णय देतात, बॅटच्या कडेचा आवाज आणि पॅडचा आवाज कानाने वेगळे करायला शिकतात. वृंदा राठी आधी स्कोअरर होत्या. 2023 च्या जानेवारीत रणजी सामन्यात पंच म्हणून उभ्या राहिलेल्या पहिल्या तीन महिलांपैकी त्या एक. दाजींनी हे नाव भाचीला पाठवायला हवं होतं.

डीआरएसने चुका कमी केल्या, यात वाद नाही. पण चेंडू स्टंपला निसटता लागतोय असं दिसलं की तिथेही ‘अंपायर्स कॉल’ म्हणजे मैदानावरच्या पंचाचाच निर्णय कायम राहतो. आणि मुंबईत भर पावसाळ्यात कांगा लीग ही क्लब क्रिकेटची स्पर्धा चालते, आझाद मैदानावर एकमेकांना खेटून असलेल्या खेळपट्ट्यांवर सामने होतात, तिथे कॅमेरे नसतात. तिथल्या अपिलांवर बोट वर करायचं की नाही, हे त्या मेसेजवाल्याने कोणावर सोपवलंय?